वाट पाहण्याची रीत : मराठी ख्रिस्ती साहित्यातील पुनरागमनाची आशा आणि आचारधर्म

मराठीत प्रतीक्षेला 'वाट पाहणे' असे म्हणतात. या शब्दप्रयोगात रस्ता आहे, डोळे आहेत. बसून राहणे मात्र त्यात नाही. घरचा कर्ता माणूस परगावी गेला असता घरातील माणसे त्याची वाट पाहतात आणि त्याच वेळी दळणकांडण, गुरांचे चारापाणी, पेरणी-काढणी ही कामेही पार पाडतात. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी असलेली येशू ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा मराठी साहित्यात कोणत्या रूपाने उतरली, या प्रश्नाचा विचार करताना हा साधा शब्दप्रयोग पुष्कळ उपयोगी पडतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या समीक्षेत हा प्रश्न क्वचितच उपस्थित झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा (१६१६) विचार झाला तो ओवीच्या आणि भाषेच्या अंगाने. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'चा (१८५७) कादंबरीच्या उगमाच्या आणि विधवांच्या प्रश्नाच्या अंगाने. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा भक्तिकवी म्हणून आणि लक्ष्मीबाईंचा आत्मचरित्रकार म्हणून. या सर्व दिशा योग्यच आहेत. परंतु या लेखकांनी ज्या भविष्याच्या भरवशावर आपले वर्तमान आखले, ते भविष्यच समीक्षेच्या नजरेतून निसटले. 'द्वितीयागमन' हा शब्द उच्चारताच जगबुडीची तारीख सांगणारे प्रचारक डोळ्यांसमोर येतात आणि सुशिक्षित वाचक संकोचतो, हे त्याचे एक कारण असावे. हा संकोच समजण्यासारखा आहे; तथापि समीक्षेने त्याला बळी पडण्याचे कारण नाही.

शास्त्रातील आधार

नव्या करारातील आद्य मंडळ्या ख्रिस्ताच्या आगमनाची प्रतीक्षा अगदी नजीकची म्हणून करीत होत्या. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस 'मारानाथा' हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. प्रभूने यावे, ही त्यातील विनवणी. परंतु प्रतीक्षेचे विकृतीकरणही त्याच पिढीत सुरू झाले होते. थेस्सलनीका येथील काही जणांनी उद्योग सोडून दिला असता पौलाने त्यांना फटकारले आणि काम न करणाऱ्याने अन्नाची अपेक्षा धरू नये, असे बजावले. प्रभू लौकरच येणार म्हणून नांगर खाली ठेवण्याचा मोह, आणि त्या मोहाला दिलेले उत्तर, दोन्ही इतकी जुनी आहेत.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात हे उत्तर कथारूप घेते. तेथे एकापाठोपाठ तीन प्रसंग येतात आणि ते एकत्र वाचले तरच त्यांचा रोख कळतो. पहिला दहा कुमारींचा. वर येण्यास उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली, शहाण्यांनाही. हा तपशील प्रवचनांत बहुधा गाळला जातो. म्हणजे भेद जागण्याचा नाही, तेलाचा आहे. दुसरा प्रसंग चाकरांच्या हाती धन सोपवून परदेशी गेलेल्या धन्याचा. त्यात ज्याने धन जमिनीत पुरून सुखरूप ठेवले तोच दोषी ठरतो. केवळ जपून ठेवणे ही प्रतीक्षा नव्हे. तिसरा प्रसंग न्यायाचा: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस. येथे विलक्षण गोष्ट अशी की उजवीकडील नीतिमान लोकांनाही आश्चर्य वाटते. आपण राजाची सेवा कधी केली हेच त्यांना ठाऊक नसते. ज्याची वाट पाहावयाची तो वेषांतर करून आधीच दारात उभा होता, असा या अध्यायाचा शेवट आहे. पुनरागमनाच्या आशेचे ज्याला आचारात रूपांतर करावयाचे आहे त्याला या तिसऱ्या प्रसंगापाशी यावेच लागते.

पुंडलिकाची वीट

हा विचार महाराष्ट्रात आला तेव्हा येथे प्रतीक्षेची एक समर्थ कथा आधीच नांदत होती. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला असताना देव भेटीस आला. पुंडलिकाने वीट पुढे केली आणि देव अठ्ठावीस युगे तिच्यावर तिष्ठत राहिला. येथे वाट पाहतो तो देव, आणि चालत जातो तो वारकरी. ख्रिस्ती कथेत दिशा उलटी आहे: येणारा देव, वाट पाहणारा भक्त. परंतु दोन्ही कथांत मधला काळ एकाच गोष्टीने भरलेला आहे, ती म्हणजे सेवा. सेवेत गुंतलेला भक्त देवाला उभे ठेवू शकतो, असे पंढरपूरची कथा सांगते. सेवेत गुंतलेलाच येणाऱ्या धन्याला सामोरा जाऊ शकतो, असे मत्तय सांगतो. फरक काळाचा आहे. विटेवरचा काळ थांबलेला आहे, त्याला अखेर नाही. ख्रिस्ती काळाला अखेर आहे आणि त्या अखेरीस हिशेब द्यावयाचा आहे.

रेव्हरंड टिळक (१८६१–१९१९) या दोन काळांच्या मध्ये उभे होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी अभंग, कीर्तन, भजन ही साधने ख्रिस्ती उपासनेत आणली आणि मराठी मंडळ्यांचा सूरच बदलून टाकला. या कामगिरीचे मोल निर्विवाद आहे. तरीही एक टीका करावी लागेल. अभंगाच्या मार्गाने आलेली भक्ती ही मीलनाची भक्ती होय; तिला ख्रिस्त अंतरात, आत्ता, याच क्षणी हवा असतो. जो हृदयात आलेलाच आहे त्याची वाट कशी पाहावयाची? टिळकांच्या भक्तिकवितेत वर्तमानकाळ इतका तृप्त आहे की भविष्यकाळ फिकट होतो. रूप वारकऱ्यांचे घेतले तेव्हा त्याबरोबर विटेवरचा थांबलेला काळही थोडाफार आला, असे म्हणता येईल.

कवितेत जे फिकटले ते टिळकांच्या आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत कृतीच्या रूपाने परतले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन व चाकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ. मिशनच्या चौकटीतून पाहणाऱ्यांना ही कल्पना विक्षिप्त वाटली असल्यास नवल नाही. परंतु मत्तयाच्या तिसऱ्या प्रसंगाशी ती ताडून पाहावी. राजाच्या उजवीकडे उभे राहणाऱ्यांना आपले नाव कोणत्या यादीत आहे हे ठाऊक नव्हते; मग येणाऱ्या राज्याची पूर्वछाया असलेल्या दरबारात यादी कशाला? 'दरबार' हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला दिसतो. राजा यावयाचा आहे, पण दरबार आजच भरवावयाचा. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार विसकटला. दीड-पावणेदोन वर्षांच्या प्रयोगाचे यशापयश मोजण्यात अर्थ नाही. टिळकांच्या काव्याने न मांडलेला विचार या प्रयोगाने मांडला, एवढे नोंदविले पाहिजे.

केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत मुद्दा अधिक ठळक होतो, कारण त्यांची सेवा दुष्काळाच्या तोंडी उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या; १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. केडगावच्या मुक्तिसदनात हजाराहून अधिक जीव पोसले जात होते. जून १९०५ मध्ये याच ठिकाणी प्रार्थनेचे मोठे जागरण घडले. अश्रू, पापकबुली, रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना यांची वर्णने तेव्हा जगभर गेली. धर्माच्या इतिहासात अशा जागरणांनंतर बहुधा दोन गोष्टी घडतात: एक तर तारखा सांगणारे पुढे होतात, नाही तर उमाळा ओसरून मंडळी थंडावते.

केडगावात तिसरी गोष्ट घडली. शेती, विणकाम, शाळा, छापखाना यांचा रोजचा क्रम चालू राहिला आणि रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याच्या कामात गढून गेल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले, त्यांनीच छपाई केली. ज्यांना शास्त्र ऐकण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या हातांनी शास्त्र छापले गेले. भाषांतराच्या गुणवत्तेविषयी मतभेदाला जागा आहे. अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून रमाबाईंनी स्वीकारलेला साधेपणा कित्येकदा रुक्षतेला पोहोचतो; संस्कृतची पंडिता असलेल्या लेखिकेने संस्कृत शब्दकळा एवढ्या निग्रहाने दूर सारावी, हे वाचकाला खटकते. मंडळ्यांतही बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. परंतु हा निग्रह समजून घेण्याची किल्ली याच विषयात आहे. दिव्यातले तेल इतरांकडून उसने मिळत नाही, हा दहा कुमारींच्या दृष्टान्ताचा कठोर भाग. प्रत्येक स्त्रीला शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे, दुसऱ्याच्या वाचनावर तिची भिस्त असता कामा नये, हा रमाबाईंचा आग्रह त्याच कठोरतेतून आला. जुलै १९२१ मध्ये त्यांची कन्या आणि भावी वारसदार मनोरमा हिचे निधन झाले. खचलेल्या प्रकृतीने त्यांनी मुद्रिते तपासून संपविली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ मध्ये.

तारखेवाल्यांचा उल्लेख वर आला. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही आगमनाची तारीख धरली होती. तो दिवस उजाडला आणि मावळला. त्या निराशेतून जे सावरले त्यांच्यापैकी काहींनी पुढे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली. ज्यांच्या नावातच आगमन आहे त्यांनी जगभर शाळा आणि रुग्णालये काढली. पुण्यातील स्पायसर महाविद्यालय हे त्यांचेच. आगमन जवळ आहे असे मानणाऱ्याने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखावा, यात वरवर विसंगती दिसते. ती विसंगती नसून थेस्सलनीकाकरांना मिळालेल्या उत्तराचे आधुनिक रूप आहे. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात येशूचा संदेश हा नजीकच्या युगान्ताच्या अपेक्षेने भारलेला होता, असे प्रतिपादन केले. ती अपेक्षा इतिहासात फळली नाही, हेही सांगितले. आणि १९१३ मध्ये ते आफ्रिकेत लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी गेले. सिद्धान्त आणि आचार यांतील नाते तर्कशास्त्राच्या नियमाने चालत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अँटॉप हिलच्या परिसरात

नगर, जालना भागातून मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपुढे हा विचार शहराच्या चौकटीत उभा राहतो. शिवडी, वडाळा, अँटॉप हिल हा पट्टा त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एका टोकाला शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. बोरीबंदर स्थानकाचे वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्यापासून असंख्य अनाम कुटुंबांपर्यंत अनेकांनी येथे पुनरुत्थानाच्या आशेने माती घेतली. जागेच्या टंचाईमुळे मुंबईतील ख्रिस्ती दफनभूमींत थडग्यांची जागा ठरावीक काळाने पुन्हा वापरावी लागते. अखेरच्या दिवसापर्यंतची विश्रांतीसुद्धा येथे भाडेपट्ट्याने मिळते. गावाकडच्या मंडळीला हे ऐकून धक्का बसतो. मुंबईकर त्याला सरावला आहे.

त्याच पट्ट्यात, अँटॉप हिलला लागून असलेल्या वडाळ्यात, १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. महानगरपालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे त्यांच्याच नावाचे रुग्णालय झाले. मराठीच्या अध्यापकांना हे नाव वेगळ्या संदर्भात परिचित असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध करणारे अॅक्वर्थ ते हेच. या संस्थेला ख्रिस्ती सेवा म्हणणे चूक ठरेल. ती नागरी संस्था होती, तिला सर्व धर्मांच्या लोकांचा हातभार लागला, आणि भर रस्त्यावरचे रुग्ण दृष्टीआड करण्याचा शहराचा स्वार्थही तिच्या मुळाशी होता. तरीही ती या विवेचनात येते. आजाऱ्याची विचारपूस कोणी केली, एवढेच मत्तयातला राजा विचारतो. कोणत्या धर्माच्या नावाने केली, हे विचारत नाही. प्रतीक्षा करणाऱ्या मंडळीच्या भिंतीबाहेर राजाची सेवा चालू असते आणि मंडळीला त्याची वार्ता नसते, ही शक्यता पुनरागमनाच्या पुष्कळशा प्रवचनांत अनुपस्थित आहे. टिळकांच्या दरबारात ती होती.

आंबेडकरांचा आक्षेप

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीविषयी लिहिलेले निबंध त्यांच्या वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या ठिकाणी अन्यायाविरुद्ध झगडण्याची ईर्षा निर्माण झाली नाही. आपली अवनती हे आपल्याच पापाचे फळ असे त्यांना शिकविले गेले, त्यामुळे परिस्थिती बदलण्याची प्रेरणा खुंटली. आणि मंडळीतही जात शिल्लक राहिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. नगर जिल्ह्यातील मराठी मंडळ्या मुख्यतः महार व मांग समाजांतून आल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या आक्षेपाची धार कळते. टिळक दाम्पत्य आणि रमाबाई हे तिघेही ब्राह्मण घरांतून आले होते. त्यांच्यासाठी प्रतीक्षा ही स्वीकारलेली साधना होती. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या थांबावयास लावले गेले, त्याला आणखी थांब असे सांगणे ही साधना नव्हे.

हे थांबणे रूपकात्मकही राहिलेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेर राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर पुन्हा एक आयोग नेमला गेला. ज्या मंडळीत जन्मलेल्या मुलाला शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माचा रकाना भरताना थबकावे लागते, तेथे पुनरागमनावरील प्रवचन कोणत्या अर्थाने ऐकले जाते, हे साहित्याच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे. आंबेडकरांच्या आक्षेपाला नव्या कराराच्या अंगाने उत्तर देता येते: न्यायाची कल्पनाच या आशेचा कणा आहे, आणि ज्याला राजा येऊन हिशेब घेणार असे वाटते तो अन्यायाशी तडजोड करीत नाही. परंतु ते उत्तर ग्रंथातले आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ते ठसठशीतपणे उमटलेले नाही, हे मान्य करावे लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हरित पट्ट्यासाठी लढा दिला तेव्हा धन्याने सोपविलेल्या धनाचा अर्थ जमीन आणि पाण्यापर्यंत विस्तारला. जातीच्या प्रश्नावर तेवढ्या तोलाची साहित्यकृती अद्याप उभी राहावयाची आहे.

अपुरी पोथी

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'त पुनरागमनाचा सिद्धान्त विवेचनाचा विषय झालेला नाही. तरीही वाट पाहण्याचे मराठीतील सर्वांत सखोल चित्रण याच ग्रंथात आहे. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता, त्यानंतरचा विरह, पंढरपुरातील वास्तव्य, पुन्हा एकत्र येताना स्वतंत्र चूल आणि सोवळे सांभाळण्याची धडपड, मग एके दिवशी जातिभेद मनातून आपोआप गळून पडणे, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा. हा क्रम सावकाश आहे, आणि लक्ष्मीबाईंनी तो घाईने उरकलेला नाही. पतीवर रागावलेली, त्याच्या वेंधळेपणाला हसणारी ही स्त्री ज्याची वाट पाहते त्याला प्रश्नही विचारते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात भक्ताची अशी वादावादी अन्यत्र फारशी आढळत नाही. प्रतीक्षेत तक्रारीला जागा असते, हे टिळकांच्या अभंगांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्याने अधिक पटते.

'ख्रिस्तायना'कडे या संदर्भात पाहिले पाहिजे. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राला आरंभ केला आणि सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढील साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेत न गेलेल्या, पतीकडून अक्षरे गिरवावयास शिकलेल्या स्त्रीने विद्वान पतीची ओवी पुढे नेली. समीक्षकांनी या दोन भागांची तुलना करून टिळकांच्या ओवीला अधिक गुण दिले तर त्यात गैर नाही. टिळकांची शब्दकळा अधिक संपन्न, लय अधिक सांभाळलेली. परंतु ख्रिस्तकथेतील दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि जाताना दिलेले परतण्याचे वचन हा सारा भाग लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आला, आणि तो त्यांनी स्वतःच्या वैधव्यात लिहिला. निघून गेलेल्याचे काम त्याच्या घरात राहून पुढे चालविणे, हा मत्तयातल्या चाकरांचा धर्म त्यांनी अक्षरशः आचरला. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भागही त्यांच्या हातून पुरा झाला नाही. तो पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत टिळकांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि लक्ष्मीबाईंना दोन. छापील पोथी दोघांपैकी कोणाच्याही हाती पडली नाही.